गोव्यात स्पेशल एडिशन पिकअप घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळी जाळी, दारावर डोंगरांच्या रेषा, जाड टायर आणि मागे उघडा हौदा. अशी पिकअप आता पर्वरीच्या रस्त्यावर दिसते, तशी वाळपईच्या बाजारातही दिसते. ती पाहून लोक जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात साध्या प्रश्नांपासून आहे, अडचणीचे अपवाद पुढे येतात. एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्पेशल एडिशन म्हणजे नेमकं काय? गाडी वेगळी असते का?

बहुतेक वेळा गाडी तीच असते. इंजिन, गिअरपेटी, चासी (गाडीचा खालचा पोलादी सांगाडा), स्प्रिंगा सगळं मूळ मॉडेलचं, आणि वरचं रूप वेगळं. क्रोमच्या जागी काळा रंग, मातकट हिरवा किंवा वाळूसारखा रंग, दारावर नकाशातल्या समोच्च रेषांचे पट्टे, चाकांच्या कमानींवर जाड प्लॅस्टिक, सीटवर वेगळी शिवण. रानावनात हिंडणाऱ्याची गाडी वाटावी म्हणून हे सगळं केलेलं असतं, आणि ते देखणं दिसतं यात वाद नाही. पण चिखलात गाडी पुढे सरकते ती टायर, खालची उंची, लो गिअर आणि डिफरन्शियल लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ओढ देणारी सोय) यांच्या जोरावर. या चारांपैकी एडिशनमध्ये काय बदललं, हे शोरूममध्ये पहिल्यांदा विचारा.

२. भारतात अशी कोणती पिकअप मिळते?

खाजगी वापरासाठी दोन नावं मुख्य आहेत. टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली. तिचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन २०४ पीएस ताकदीचं आहे आणि ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ५०० न्यूटन-मीटर मिळतो. मार्च २०२५ मध्ये तिची ब्लॅक एडिशन आली, तेव्हा शोरूम किंमत ३७.९० लाख रुपये होती. काळी जाळी, काळी १८ इंची चाकं, काळे आरसे असं तिचं रूप आहे. आतलं यंत्र नेहमीच्या फोर-बाय-फोर (चारही चाकांना ओढ देणाऱ्या) ऑटोमॅटिकचंच.

दुसरी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस. ती आंध्र प्रदेशातल्या श्रीसिटीच्या कारखान्यात बनते आणि २०१६ पासून इथे विकली जाते. आता तिच्यात १.९ लिटरचं डिझेल इंजिन येतं, टॉर्क ३६० न्यूटन-मीटर. ती घेताना एक गोष्ट नीट बघा: व्ही-क्रॉस टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते. बाहेरून दोन्ही सारख्याच रांगड्या दिसतात.

इंटरनेटवरच्या जुन्या किमतींवर विसंबू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि मोटारींवरचा सेस गेला, त्यामुळे त्याआधीचे आकडे आता लागू नाहीत.

३. परदेशातल्या एडिशनमध्ये म्हणे जास्त काही असतं?

काहींत असतं, काहींत नसतं. शेव्हरोले सिल्व्हराडोची २०१६ ची रिअलट्री एडिशन घ्या. शिकाऱ्यांच्या कपड्यांवर असते तशी झाडापानांची नक्षी गाडीवर होती, म्हणजे भर रूपावर. फोक्सवॅगन अमारोकची कॅनियन एडिशन तिच्या नारिंगी रंगासाठी लक्षात राहिली. उलट २०२१ च्या टोयोटा टॅकोमा ट्रेल एडिशनमध्ये हौद्याच्या बाजूला कुलूपबंद कप्पे दिले होते. त्यातला एक कप्पा थंडावा धरून ठेवणारा होता, बर्फाचं पाणी काढायला खाली बूच होतं. ही कामाची सोय आहे. त्याहून पुढची २०१९ ची शेव्हरोले कोलोरॅडो झेडआर-टू बायसन. तिच्या पोटाखाली बोरॉन पोलादाची जाड कवचं होती, खडकावर आपटली तरी इंजिनचं चेंबर फुटू नये म्हणून.

एडिशनच्या जाहिरातीत पोलादाचा, कप्प्यांचा, टायरचा उल्लेख आला तर कान टवकारा. नुसता रंगांचा उल्लेख असेल तर तो रंगाचाच भाव आहे.

४. मग एडिशनसाठी जास्त पैसे द्यावेत का?

फरक थोडा असेल आणि रूप मनापासून आवडलं असेल तर जरूर द्या. रोज जिच्याकडे बघायचं ती गाडी आवडायला हवी. पण बजेट ताणून एडिशन घ्यायची आणि मग चांगले टायर, खालचं गंजरोधक आवरण आणि विम्याच्या जोड पॉलिस्या यांना पैसे उरायचे नाहीत, अशी वेळ येणार असेल तर साधं मॉडेल घ्या. गोव्यात ती गाडी जास्त टिकेल. टायर प्रश्न ७ मध्ये, गंज ९ मध्ये, विमा २० मध्ये.

५. आमचं सत्तरीत कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. फोर-बाय-फोर खरंच लागेल का?

कुळागरापर्यंतची वाट कशी आहे त्यावर आहे. डांबर संपल्यावर जांभ्या दगडाची पाखाडी आणि पुढे सपाट माती असेल, तर वर्षाचे आठ महिने टू-व्हील ड्राइव्ह पुरते. अडचण जून ते सप्टेंबरची. गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याला त्याहून जास्त. ओल्या जांभ्यावर शेवाळ धरतं, आणि चढावर रिकाम्या पिकअपचं मागचं चाक जागच्या जागी फिरू लागतं. त्याचं कारण पिकअपच्या बांधणीतच आहे. इंजिनचं वजन पुढे, मागे हौदा रिकामा, आणि टू-व्हील ड्राइव्हमध्ये ओढ फक्त मागच्या चाकांना. ज्या चढावर साधी हॅचबॅक कशीबशी चढते, तिथे टू-व्हील ड्राइव्ह पिकअप अडकते, हे अनेकांना खरं वाटत नाही.

वाटेत व्हाळ (ओढा) ओलांडायचा असेल, चढ असेल किंवा पावसात सुपारी-नारळ बाहेर काढायचे असतील, तर फोर-बाय-फोरच घ्या. नसेल तर ते पैसे वाचवा.

६. ४एच आणि ४एल केव्हा वापरायचं? नेहमी ४एच वर ठेवलं तर चालेल?

नाही. या पिकअपची फोर-बाय-फोर यंत्रणा गरजेपुरती लावायची आहे. टू-एच मध्ये ओढ फक्त मागच्या चाकांना असते. ४एच मध्ये ती चारही चाकांना मिळते, ४एल मध्येही चारही चाकांना, पण लो गिअरमध्ये, म्हणजे हळू आणि जास्त जोराने. ४एच मध्ये पुढचा आणि मागचा आस एकाच वेगाने फिरवले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, आणि कोरड्या डांबरावर चाकाला घसरायला जागा मिळत नाही. मग सगळा ताण गिअरपेटी आणि शाफ्टवर येतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळल्यासारखी वळते. असं झालं तर ताबडतोब टू-एच वर या.

ओली माती, सैल खडी, शेवाळलेला जांभा यांवर ४एच. तीव्र चढ-उतार, अडकलेली गाडी बाहेर काढणं, व्हाळ ओलांडणं यांसाठी ४एल. तो लावताना गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये आणावी लागते. घाटातल्या पावसाळी डांबरावर, चोर्ल्याला किंवा अनमोडला, वेग कमी ठेवणं हाच उपाय. ४एच लावून वळणावर वेगाने जाता येतं ही समजूत जिवावर बेतते. गाडी थांबवायला ब्रेकच लागतात, आणि ते चारही चाकांना आधीपासून आहेत.

७. एडिशनचे जाड टायर चांगले का? की ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) वेगळे घालावेत?

बऱ्याचदा टायरची बाजू जाड दिसते पण नक्षी रस्त्याचीच असते. टायरच्या बाजूवर लिहिलेलं वाचा. हायलक्सला २६५/६० आर १८ आणि व्ही-क्रॉसच्या वरच्या मॉडेलना २५५/६० आर १८ हे माप येतं. त्याच मापात ऑल-टेरेन मिळतात, आणि माप तेच ठेवलं तर स्पीडोमीटर चुकत नाही, कायद्याचाही प्रश्न येत नाही.

ऑल-टेरेनने चिखलात पकड वाढते, पण आवाज वाढतो, डिझेल थोडं जास्त जातं, आणि ओल्या डांबरावर ब्रेक लागायला जास्त अंतर लागू शकतं. पणजी-मडगाव रोज करणाऱ्याने मूळ टायरच ठेवावेत. चिखलासाठीचे खोल खाचांचे मड-टेरेन टायर तर फक्त ज्याची रोजची वाटच चिखलाची आहे त्याने घ्यावेत.

८. लांबी झेपेल का? पणजीत पार्किंग, दिवाडीला फेरीबोट...

हायलक्स ५३२५ मिमी लांब आहे, व्ही-क्रॉस ५२९५. म्हणजे सव्वापाच मीटरच्या वर. वळायलाही जागा जास्त लागते. हायलक्सची वळण-त्रिज्या ६.४ मीटर आहे. फोंताइन्यातल्या गल्ल्या, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, जुन्या घरांची चिऱ्याच्या खांबांमधली फाटकं, इथे आधी पायी जाऊन टेपने मोजा. घरच्या पोर्चचं मापही घ्या. गाडी बुक केल्यावर पोर्च कमी पडला म्हणून खांब तोडावे लागलेली घरं आहेत.

फेरीबोटीचा मुद्दा वेगळा आहे आणि त्याकडे लक्ष जात नाही. भरती असताना फेरीची फळी जवळपास सपाट असते. ओहोटीला बोट खाली जाते आणि धक्क्याचा उतार, मग फळी, असा कोन तयार होतो. पिकअपचं मागचं चाक आणि मागचा बंपर यांत अंतर बरंच असतं. चढताना-उतरताना बंपर किंवा त्याखाली लावलेला टो-हूक (ओढण्याचा आकडा) सिमेंटला घासतो. चोडण, दिवाडी, केरी-तेरेखोल इथे नेहमी जाणं असेल तर टो-हूक काढता येण्यासारखा घ्या, ओहोटीच्या वेळी अगदी हळू जा आणि फेरीवरच्या कामगाराच्या खुणेकडे बघा. त्याला त्या कोनाची रोजची सवय असते.

९. समुद्राजवळ घर आहे. गंजाचं काय?

गोव्यात पिकअप घेणाऱ्याने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं अशी ही गोष्ट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पिकअप चासीवर बांधलेली गाडी आहे. चासीच्या पोकळ पट्ट्यांना ठिकठिकाणी भोकं असतात. त्यांतून तांबडी माती आत जाते, ओली राहते, आणि गंज आतून धरतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांमध्येही तसंच होतं: दोन पाट्यांच्या फटीत खारी वाळू बसते.

हौदा ही दुसरी जागा. हौद्यात प्लॅस्टिकचा बेडलायनर बसवलेला असतो. तो पत्र्याला चिकटलेला नसतो, वर नुसता बसवलेला असतो. मासळीच्या क्रेटमधलं खारं पाणी, वाळू, सुपारीच्या सोलांचा भुगा त्याच्या कडेने खाली जातो आणि तिथेच मुरतो. हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी जायला भोकं असतात, पानांनी आणि मातीने ती बुजतात. पावसाळ्यानंतर एकदा बेडलायनरचे स्क्रू काढून तो उचला. खाली हात फिरवा. बोटाला खरखर लागली आणि तांबूस पूड आली, तर ती जागा घासून, प्रायमर मारून, रंगवून मगच लायनर परत बसवा. फवारून पत्र्याला घट्ट चिकटवलेलं आवरण मिळतं, ते महाग असतं पण खाली पाणी शिरू देत नाही. किनाऱ्याजवळच्या माणसाला मी तेच सुचवेन.

खालच्या बाजूच्या गंजरोधक आवरणाबद्दल दोन सूचना. ते मे महिन्यात करा, गाडी खालून धुऊन, पूर्ण सुकवून. ओल्या मातीवर रबरी आवरण मारलं तर पाणी आतच कोंडतं आणि आवरणाआड चासी कुजते. आणि काम चालू असताना समोर उभे राहा. पाण्याची भोकं बुजवू देऊ नका, चासीच्या पोकळीत मेणाचा फवारा मारायला सांगा. मेणाचं आवरण दरवर्षी पुन्हा लागतं.

नेहमीचं काम सोपं आहे. खाऱ्या वाऱ्यात उभी राहणारी गाडी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून धुवा. वरून चकचकीत दिसली म्हणून धुणं टाळू नका.

१०. एडिशनचे पट्टे आणि मॅट रंग टिकतात का?

ऊन आणि प्रेशर पंप हे त्यांचे दोन शत्रू. पंपाची धार पट्ट्याच्या कडेवर जवळून मारली की कड उचलली जाते, मग तिच्याखाली माती शिरते. धार लांबून आणि सरळ ठेवा. मॅट रंगाला पॉलिश किंवा चकाकीचं वॅक्स लावू नका. जिथे घासाल तिथे चमक येते आणि ती जात नाही.

एडिशन विक्रीत आहे तोवर पट्ट्यांचा एक जादा संच आणि बॅज मागवून ठेवा. दार ठोकलं गेल्यावर दार मिळतं, पण बंद झालेल्या एडिशनचा पट्टा मिळेलच असं नाही.

११. पावसात व्हाळातून किंवा पुराच्या पाण्यातून किती खोल जाता येईल?

हायलक्ससाठी कंपनी ७०० मिमी सांगते. हा आकडा संथ पाण्यातून, हळू, तळ ठाऊक असताना जाण्याचा आहे. वाहत्या पाण्याला तो लागू नाही. सत्तरीतले आणि सांग्यातले व्हाळ घाटावर पाऊस पडला की अर्ध्या तासात फुगतात, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. पाणी लालसर झालं, त्यात काटक्या-पाने येऊ लागली, की ओलांडायचं नाही. गाडी जड आहे म्हणून वाहून जात नाही हेही खरं नाही. पाण्याचा जोर दारावर आडवा बसतो आणि टायर तळावरून उचलले जातात.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. विमा हे नुकसान केव्हा देतो ते प्रश्न २० मध्ये आहे. खोल पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियलचं तेल तपासून घ्या. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, बदला.

१२. किनाऱ्यावर वाळूत चालवली तर?

चालवू नका. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे, पोलीस गुन्हा नोंदवतात आणि गाडी ताब्यात घेतात. फोटोसाठी पाच मिनिटं नेली, हॉटेलवाल्याने जा म्हटलं, रात्री कोणी नव्हतं, यांपैकी काहीही सबब म्हणून चालत नाही.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. घरटं वाळूखाली असतं, वरून दिसत नाही. दोन टनाची गाडी त्यावरून गेली की संपलं. टायरच्या खोल चाकोरीत अडकलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. एकदा तरी वनखात्याने कुंपण घातलेलं घरटं बघून या, मग गाडी किनाऱ्यावर न्यावीशी वाटणार नाही.

किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं यांवरही २०१९ पासून दंड आहे. हौद्यात शेगडी मांडून बसण्याचा बेत असेल तर तो स्वतःच्या अंगणात करा.

१३. दूधसागरला माझी फोर-बाय-फोर नेता येईल का?

नाही. कुळ्याहून धबधब्याकडे जाणारी वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते आणि तिथे नोंदणी असलेल्या स्थानिक जीपगाड्याच सोडतात. तुमची पिकअप कितीही सक्षम असली तरी कुळ्याला उभी करावी लागते. पावसाळ्यात जीपही बंद असतात.

हाच नियम मनात धरून म्हादई, नेत्रावळी, खोतीगावचा विचार करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. सार्वजनिक रस्ता जातो तिथून जा, पण रस्त्यावरून उतरून रानात गाडी घालणं गुन्हा आहे.

१४. मग ऑफ-रोड चालवायची तरी कुठे?

स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या खाजगी जमिनीवर, आणि आयोजित कार्यक्रमांत. रेनफॉरेस्ट चॅलेंज ही मूळ मलेशियातली स्पर्धा २०१४ मध्ये भारतात आली ती गोव्यातच, भर पावसात. ती बघायला तरी जा. लांब चाकांतर असलेली गाडी कुठे अडकते आणि छोटी जिप्सी कुठून निसटते, हे तिथे एका दिवसात कळतं. पिकअपचं पोट लांब असतं, त्यामुळे टेकाडाच्या माथ्यावर ती मध्येच टेकते.

खाणींच्या जुन्या वाटा डिचोली-सांगे भागात मोकळ्या दिसतात. त्या मोकळ्या नसतात. जागा लीजची असते आणि डंपची (खाणीतून काढून टाकलेली) माती पावसात खचते. मालकाची परवानगी नसेल तर जाऊ नका.

एक विनंती अगदी कळकळीने. खाजन शेतांच्या बांधांवर गाडी घालू नका. ते बांध मातीचे आहेत, खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखलेले. चाकांनी बांध दबला, तडा गेला, की भरतीचं पाणी आत घुसतं आणि त्या शेतात पुढची काही वर्षं भात होत नाही.

१५. लाइट बार, बुलबार, स्नॉर्केल (इंजिनची हवा छताच्या उंचीवरून घेणारी नळी), उंची वाढवणं. काय चालतं?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत आणि कंपनीच्या मूळ तपशिलात आहे त्याहून गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

बुलबार, म्हणजे पुढच्या बंपरवरचा लोखंडी कठडा, नको. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यांवर कारवाई करायला सांगितलं. धडकेचा धक्का त्याने सरळ चासीला जातो, एअरबॅगचा हिशेब चुकतो आणि पादचारी वाचत नाही. छतावरच्या लाइट बारने समोरचा आंधळा होतो, रस्त्यावर तो लावू नका. रंग बदलायचा असेल, अगदी पूर्ण गाडीला रॅप करायचं असेल, तरी आरसीवर नोंद करून घ्या.

एडिशनमध्ये कंपनीनेच दिलेलं आणि बिलात नमूद केलेलं सामान चालतं. शोरूमने नंतर लावलेलं सामान हे वेगळं प्रकरण आहे, जरी त्यावर कंपनीचा शिक्का असला तरी. दोन्ही बिलं जपून ठेवा.

१६. शिगम्याला, चतुर्थीला मागे हौद्यात माणसं बसवली तर चालतील?

नाही, गावातल्या गावातही नाही. हौद्यात सीट नाही, पट्टा नाही. गणपतीची मूर्ती मागे ठेवून तिला धरायला चार मुलं बसतात, हे चित्र सगळ्यांनी पाहिलंय. मूर्ती पुढच्या आतल्या सीटवर किंवा हौद्यात गादीवर ठेवून दोरीने बांधा, माणसं दुसऱ्या गाडीने येऊ द्या. खड्ड्यात पिकअपचा मागचा भाग जोराने उसळतो. रिकामी असेल तर आणखीच.

१७. पांढऱ्या (खाजगी) नंबरप्लेटवर भाटातला (बागायतीतला) माल, चिरे, सिमेंट नेता येतं का? किती?

घरचं सामान, बाजार, माटोळीची (गणपतीवर टांगायच्या सजावटीची) फळं, आपल्या भाटातले नारळ घरी आणणं यात अडचण येत नाही. भाडं घेऊन दुसऱ्याचा माल नेणं खाजगी नोंदणीवर चालत नाही. नियमित धंद्यासाठी माल न्यायचा असेल तर व्यावसायिक नोंदणीची पिकअप घ्या. तिला पिवळी पाटी, फिटनेस आणि वेगमर्यादक लागतो.

वजनाबाबत मोठा गैरसमज आहे. हौदा बघून टनभर माल जाईल असं वाटतं. या खाजगी पिकअपची भारक्षमता त्याहून बरीच कमी असते, आणि त्यात बसलेली माणसंही मोजायची. आरसीवर रिकामं वजन आणि एकूण वजन दोन्ही असतात, वजाबाकी करा. जांभ्याचा एक चिरा तीस किलोच्या आसपास भरतो. चार माणसं बसवून मागे चिरे टाकले की मर्यादा लवकर गाठली जाते. बांबू, सळ्या हौद्याबाहेर काढून नेल्या तर कलम १९४ खाली वीस हजारांपर्यंत प्रकरण जातं.

१८. होमस्टेचे पाहुणे विमानतळावरून आणायला वापरली तर?

पैसे घेत असाल, खोलीच्या भाड्यात धरून घेत असाल तरी, तो व्यावसायिक वापर झाला. पाहुण्याला चालवायला भाड्याने देणं तर सरळ बेकायदा आहे, त्यासाठी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली रेंट-अ-कॅब नोंदणी लागते. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

१९. लायसन्स वेगळं लागतं का?

नाही, एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) पुरतं. ७५०० किलोपेक्षा कमी वजनाचं मालवाहू वाहनही एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे प्रश्न १७ मधली पिवळ्या पाटीची छोटी पिकअपही.

२०. विमा घेताना एडिशनसाठी वेगळं काही?

तीन गोष्टी. पॉलिसीवर मॉडेलचं पूर्ण नाव एडिशनसकट आहे का ते वाचा. गाडीची विमा किंमत त्याच मॉडेलच्या यादीतल्या किमतीवरून ठरते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी ५०. नाव साध्या मॉडेलचं पडलं तर किंमतही त्याचीच.

नंतर लावलेलं सामान, म्हणजे हौद्याचं झाकण, कॅनोपी, पट्टे, वेगळं जाहीर करून त्याचा हप्ता भरा. नाहीतर ते धरत नाहीत.

आणि गोव्यात इंजिन संरक्षणाची जोड पॉलिसी घ्याच. साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन गेलं तर ते नुकसान मिळत नाही. जोड घेतली असली तरी पाण्यात पुन्हा पुन्हा स्टार्टर मारल्याचं दिसलं तर दावा अडतो (प्रश्न ११).

२१. रोज फक्त रायबंदर ते पणजी करतो. डिझेल पिकअप घेऊ का?

थांबून विचार करा. बीएस-६ डिझेलच्या धूरनळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला इंजिन सलग पंधरा-वीस मिनिटं चांगल्या वेगाने गरम चालावं लागतं. रोजचं तीन-चार किलोमीटर अंतर आणि सिग्नल यांत ते होत नाही, फिल्टर तुंबतो, दिवा लागतो. घेतलीच असेल तर आठवड्यातून एकदा काणकोण किंवा पेडण्याच्या बाजूला महामार्गावर चक्कर मारा.

२२. बेळगाव-कोल्हापूरकडची सेकंडहँड एडिशन स्वस्त मिळतेय. काय बघू?

आधी ती एडिशन आहे का ते बघा. साध्या गाडीवर काळी जाळी आणि पट्टे लावून ती एडिशन म्हणून विकली जाते. मूळ बिल मागा, त्यावर एडिशनचं नाव असतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी क्रमांक दिला की कोणतं मॉडेल होतं ते कळतं. विकणारा बिल दाखवत नसेल तर साध्या मॉडेलचा भाव द्या.

कागदांत मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हवी. दुसऱ्या राज्याची पाटी घेऊन बारा महिन्यांपेक्षा जास्त गोव्यात ठेवता येत नाही, इथे नोंदणी करून इथला रोड टॅक्स भरावा लागतो. जुन्या राज्यातल्या टॅक्सचा उरलेला भाग तिथे अर्ज करून परत मागता येतो, पण तो हातात यायला वेळ लागतो. सौदा करताना गोव्याचा टॅक्स किमतीत मिळवूनच स्वस्त की महाग ते ठरवा.

घाटावरची गाडी एका बाबतीत चांगली: खारा वारा लागलेला नसतो. तरी बेडलायनर उचलून दाखवायला सांगा (प्रश्न ९), आणि ४एल लावून दहा पावलं चालवून बघा. वर्षानुवर्षं न वापरलेला तो गिअर पडतच नाही अशा गाड्या असतात, आणि दुरुस्तीचं बिल मोठं येतं. ऊस वाहिलेल्या पिकअपच्या मागच्या स्प्रिंगा बसलेल्या असतात. सपाट जागी उभी करून मागच्या दोन्ही कमानींची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. एका बाजूला कमी भरली तर पाट्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा.